आष्टी, तालुका निवडा

संपादक मंडळाने विषय दिला, ‘आयटी क्षेत्र : संधी आणि आव्हाने’. हा विषय आपल्या अंकात दर दोन-तीन वर्षांनी येतोच आणि त्यावरचा लेखही ठरलेला असतो. सुरुवातीला ‘आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे’, मध्ये कम्युनिकेशन स्किलवर एक परिच्छेद आणि शेवटी ‘यश तुमचेच आहे’. मित्रांनो, मला तसं लिहिता येणार नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली, मी प्रोग्रॅमर म्हणून पोट भरतोय. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे मी. पण मिठाला जागायचं म्हणजे खारट झालेली भाजी मुकाट गोड म्हणायची, असं तर नाही ना? होस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एकच गोष्ट सांगतो. आपला धंदा ज्याच्याकडून पैसे येतात त्याच्याकडे तोंड करून बसलाय, आणि ज्याला सॉफ्टवेअर वापरायचंय त्याच्याकडे पाठ करून. बाकीच्या सगळ्या खोडी इथूनच सुरू होतात.

आधी माझ्या गावापासून सुरुवात करतो. मी आष्टीचा. तालुका परतूर, जिल्हा जालना. एवढा पत्ता सांगावा लागतो, कारण महाराष्ट्रात आष्टी एक नाही. बीड जिल्ह्यात आष्टी नावाचा अख्खा तालुका आहे. वर्धा जिल्ह्यात १९४२ च्या लढ्याने ‘शहीद’ हे बिरुद मिळालेली आष्टी आहे, तीही तालुक्याचं ठिकाण. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक. त्यामुळे एखाद्या फॉर्मवर नुसतं ‘आष्टी’ टाकलं की आमचं कुरिअर बीडचं दर्शन घेऊन येतं.

बरं, तालुका-जिल्हा लिहिला की प्रश्न मिटला, असंही नाही. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे वडिलांच्या पिढीच्या दाखल्यावर ‘जि. परभणी’, माझ्या दाखल्यावर ‘जि. जालना’, आणि घर मात्र तेच, त्याच जागेवर! लोकसभेला आमचं मत आजही परभणी मतदारसंघात पडतं, कारण परतूर विधानसभा तिकडे जोडलेली आहे. त्याही मागे गेलात तर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणून जुने महसुली कागद उर्दूत.

आता डेटाबेस शिकवणाऱ्या सरांना विचारा. गावाचं नाव प्रायमरी की होऊ शकतं का? एक गाव जन्मभर एकाच जिल्ह्यात राहतं, हे गृहीत धरता येतं का? एक जिल्हा म्हणजे एक लोकसभा मतदारसंघ, असं टेबल केलं तर चालेल का? आष्टीचा कुठलाही म्हातारा या तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणेल. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिला जातो तो याचसाठी. पण फॉर्म बनवणारा कधी आष्टीला आलेला नसतो. त्याच्या डोळ्यासमोर जे गाव असतं ते असं, ज्याचं नाव जगात एकच आहे आणि ज्याचा जिल्हा कधी बदलत नाही.

गावाचं झालं, आता माणसाचं बघा. मध्यंतरी काही कागदांसाठी एका सेवा केंद्रावर गेलो होतो. माझ्यापुढे एक सत्तरीचे गृहस्थ. ऑपरेटर पोरगा चांगला होता, पण हतबल.

“मामा, आधारवर नाव वेगळं हाय अन् सातबाऱ्यावर वेगळं. सिस्टीम घेत न्हाई.”

“आरं बाळा, पण मानूस तर एकच हाय ना? हा काय तुझ्याम्होरं हुभा हाय.”

“मला दिसतंय मामा. सिस्टीमला दिसत न्हाई.”

‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य आता मराठवाड्यात शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ झालंय. ऐकणारा ते असं ऐकतो, जणू पाऊस पडला नाही. पण सिस्टीम म्हणजे काही निसर्ग नव्हे. कुणीतरी एसीत बसून एक इफ लिहिलाय, की दोन्हीकडची नावं अक्षराला अक्षर जुळली पाहिजेत. हा इफ लिहिणारा तुमच्या-माझ्यासारखाच इंजिनिअर. त्याला कागदावर सांगितलं ‘नाव जुळवा’, त्याने जुळवलं. महाराष्ट्रात नाव कसं लिहितात, हे ना सांगणाऱ्याने सांगितलं, ना लिहिणाऱ्याने विचारलं.

आणि नाव लिहिण्याच्या आपल्याकडे किती तऱ्हा! कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. मध्ये बापाचं नाव, ते एका कागदावर पूर्ण तर दुसऱ्यावर नुसतं अक्षर. बाईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं रेशनकार्डावर. ‘राव’, ‘बाई’, ‘आप्पा’ कुठे लावलेलं, कुठे गाळलेलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग. ‘ज्ञानेश्वर’मधला ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय. ‘वैशाली’चा ‘व’ कुणी व्ही ने, कुणी डब्ल्यू ने. हे सगळे एकाच माणसाचे कागद. तंतोतंत तुलना करण्याऐवजी साम्य किती ते काढायचं आणि शंका आली तर निर्णय माणसाकडे द्यायचा, हे काही अवघड गणित नाही. दोन शब्दांमधल्या अंतराची कल्पना लेव्हेनस्टाइनने १९६५ मध्येच मांडलीय, आणि ते मोजायचा अल्गोरिदमही जुनाच आहे. तो आपल्याला येतो सुद्धा, मुलाखतीत फळ्यावर लिहून दाखवतो! तो सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत पोचत नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, एखाद्या केंद्रावरच्या गमतीजमती सांगून काय होतं? म्हणून एक मोठं उदाहरण घेऊ. राजकारण बाजूला ठेवा, मी फक्त फॉर्मबद्दल बोलतोय.

जून २०१७ मध्ये राज्यात कर्जमाफी जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपयांची आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ, अशी घोषणा होती. त्यासाठी शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नाव, आधार, कुटुंबाची माहिती, कर्जाचा तपशील. आता विचार करा. कर्ज कुणी दिलं? बँकेने. मग बँकेच्या वहीत जे आधीच आहे ते शेतकऱ्याने पुन्हा भरायचं, तेही स्वतःला न येणाऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्या हातून, रांगेत उभं राहून. त्या पावसाळ्यात लोक केंद्रांबाहेर रात्री-अपरात्री बसले होते. अर्जाची मुदत वाढवत वाढवत २२ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. दिवाळीला प्रमाणपत्रं वाटली, आणि मग अर्जांची माहिती आणि बँकांची माहिती यांचा मेळ बसेना. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी आल्याच्या बातम्या तुमच्यापैकी काहींच्या घरच्यांना आठवत असतील. साहजिक आहे. एकच माहिती दोन ठिकाणांहून दोन वेगवेगळ्या लोकांकडून भरून घेतली तर ती जुळणार नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली, २ लाखांपर्यंतची. या वेळी अर्जच नव्हता. बँकांनी याद्या दिल्या, याद्या गावात लागल्या, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने केंद्रावर जायचं, अंगठा लावायचा, पडद्यावरची रक्कम बघायची. बरोबर असेल तर हो म्हणायचं. नसेल तर नाही म्हणायचं, की तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाणार. यातही अडचणी आल्या, अंगठे उमटले नाहीत, पात्र असून वगळलेले लोक राहिले. पण दोन्हीतला फरक बघा. पहिल्यात माणसाला विचारलं, ‘तुझी सगळी माहिती सांग.’ दुसऱ्यात विचारलं, ‘हा तूच ना? एवढंच ना?’ दुसऱ्या पद्धतीला काही नवं तंत्रज्ञान लागलं नाही. तेच सर्व्हर, तेच आधार, तीच केंद्रं. फक्त कुणीतरी रांगेच्या बाजूने विचार केला. याला मी इंजिनिअरिंग म्हणतो. बाकी सगळं टायपिंग.

मग प्रश्न असा, की आपल्याकडे एवढे हुशार इंजिनिअर असताना हा रांगेच्या बाजूचा विचार इतका दुर्मिळ का? याचं उत्तर आपल्या धंद्याच्या हिशेबात आहे.

आपल्या मोठ्या कंपन्या बहुतांशी सॉफ्टवेअर विकत नाहीत, माणसांचे तास विकतात. टीसीएस १९६८ पासून आहे, इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. या कंपन्यांनी देशाला परकीय चलन दिलं, आमच्यासारख्या हजारो घरांत पहिला पगार आणला, हे नाकारणारा मी कृतघ्न ठरेन. पण हिशेब समजून घ्या. परदेशातला क्लायंट डोक्यामागे डॉलर देतो. खाली स्वस्त डोकी जितकी जास्त, वरचा नफा तितका चांगला. म्हणून कंपनी पिरॅमिडसारखी बांधली जाते आणि तळाचा थर दरवर्षी कॉलेजांतून भरला जातो. हे कळलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात.

पहिलं कोडं, पॅकेज. २०१० च्या आसपास मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळत. आज सर्वसाधारण भरतीत साडेतीनच्या आसपास मिळतात. तेव्हाचं पुण्यातलं खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि आजचं, तुम्हीच तुलना करा. तास विकायचे असतील तर तळाचा तास महाग होऊन चालत नाही, एवढं साधं आहे. तेव्हा कॉलेजच्या गेटवर पॅकेजचे फ्लेक्स लागतात तेव्हा आकड्याखाली ‘हातात किती?’ हा प्रश्न मनात लिहून ठेवा.

दुसरं कोडं, लेट सिटिंग. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. मला कष्टाचं वावडं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या घरी कुणी तास मोजत नाही. पण तिथे कापूस आमचा असतो. दुसऱ्याच्या बिलात जाणारे तास वाढवण्याला ‘देशसेवा’ म्हणायचं असेल तर निदान बिल बघायला तरी मिळावं. आणि रात्री अकराला लिहिलेला कोड सकाळी दहाला दुरुस्त करावा लागतो, हे कुठलाही प्रामाणिक प्रोग्रॅमर कबूल करेल.

तिसरं कोडं, ‘रिसोर्स’. आमच्याकडे माणसाला रिसोर्स म्हणतात. ‘दोन रिसोर्स मोकळे आहेत’, ‘एक रिसोर्स सुट्टीवर आहे.’ त्याच तोंडाने वार्षिक कार्यक्रमात ‘आपण एक कुटुंब आहोत’ हेही म्हणतात. कुटुंबात बेंच नसतो, राव. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. कंपनीने कंपनीसारखं वागावं, माझी तक्रार नाही. तिला आई म्हणू नका, एवढंच सांगणं आहे.

चौथं कोडं, इंग्रजी. क्लायंटशी बोलायला इंग्रजी लागतं, मान्य. शिका, न लाजता शिका. पण आपल्या धंद्यात इंग्रजी बोलणं हे हुशारीचं माप झालंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, सर्व्हर पडला की वीस मिनिटांत कारण शोधणारी मुलगी मीटिंगमध्ये गप्प असते म्हणून तिचं रेटिंग खाली, आणि तिचंच काम छान स्लाइडवर मांडणारा वर. हे मी एका ठिकाणी नाही, जिथे जिथे काम केलं तिथे पाहिलं.

हे सगळं वाचून वाटेल, की मग रांगेच्या बाजूने बघणाऱ्यांचं काही चालतच नाही. तसं नाही. कैलास काटकर सातारा जिल्ह्यातून आले, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकांच्या मशीन व्हायरसने सारख्या परत दुकानात येत, म्हणून १९९० च्या दशकात धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहायला घेतला. तेच क्विक हील. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. त्यांना रिक्वायरमेंट कुणी मेल केली नव्हती, ती रोज काउंटरवर येऊन उभी राहत होती.

दुसरं उदाहरण तर तुम्ही आत्ता वाचताय त्या अक्षरांचंच. कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणण्याचं जिस्ट हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी विकसित केलं, पुढे ते काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. विंडोजमधला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने घडवला. आता ‘सातबाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘र’ हिंदीत नसतो. हिंदीचा विचार करून बनवलेल्या फाँटमध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायचा. मराठीला हा ‘र’ वेगळा लागतो, हे कुणीतरी हट्टाने सांगितलं, म्हणून युनिकोडमध्ये त्याची सोय झाली. ही कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनी केली. पुण्यात एवढे मराठी प्रोग्रॅमर, पण मराठीचं बिल लावायला क्लायंट नाही, म्हणून आपण बहुतेकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता एआयचा मुद्दा, कारण होस्टेलवर रात्री दोन वाजता हाच विषय असतो हे मला ठाऊक आहे. ‘कोड मशीनच लिहिणार, मग आपलं काय?’ माझं मत रोखठोक आहे. ज्याचं काम फक्त सांगितलेला इफ टाइप करणं होतं, त्याचं कठीण आहे. नुसते तास विकणाऱ्या धंद्याचंही कठीण आहे, कारण मशीनचा तास स्वस्त. पण मशीनला ‘नाव जुळवा’ सांगितलंत तर तेही नाव जुळवून देईल, तसंच तंतोतंत, आणि मामा तसेच रांगेत राहतील. ‘थांबा, आमच्याकडे नाव असं लिहितात, गाव असं बदलतं’ हे सांगणारा माणूस लागणारच. आणि तो माणूस घडवायला आपल्या होस्टेलइतकी चांगली जागा नाही. इथे जाफराबादचा आहे, गेवराईचा आहे, किनवटचा आहे. प्रत्येकाच्या घरी एक सातबारा आहे, एक न जुळणारं नाव आहे, एक बंद पडलेला अर्ज आहे. तुम्ही ज्याला मागासलेपण समजून पुण्याच्या मुलाखतीत लपवता, ते तुमचं भांडवल आहे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली मुलांना. दिवाळीत गावी जाल तेव्हा जवळच्या सेवा केंद्रावर दोन तास बसा. काही दुरुस्त करायला नको, शहाणपण शिकवायला तर मुळीच नको. फक्त वहीत लिहा, कोण आलं, काय मागत होतं, कुठे अडलं, काय न घेता परत गेलं. ऑपरेटरला चहा पाजा, त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला आजवर कुणीच काही विचारलेलं नसतं. दुसरी विनंती सरांना आणि मॅडमना, आदराने. फायनल इयरला लायब्ररी मॅनेजमेंटचा शंभरावा प्रोजेक्ट मंजूर करण्याऐवजी या वह्यांमधला एक प्रश्न मंजूर करा. नावं जुळवण्याचा करा, नेटवर्क नसताना अर्ज साठवून ठेवण्याचा करा, उमटत नसलेल्या अंगठ्याला पर्याय काय याचा करा. प्रोजेक्ट अर्धवट राहिला तरी चालेल. विकत आणलेल्या पूर्ण प्रोजेक्टपेक्षा तो नक्कीच बरा, आणि व्हायवात पोरगं स्वतःच्या शब्दांत बोलेल.

नोकरी करा, चांगल्या पगाराची करा, घरचं कर्ज फेडा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त जो कोड लिहाल त्याच्या पलीकडे कोण उभं आहे ते एकदा विचारा. आणि हो, फॉर्ममध्ये गावांची यादी टाकाल तेव्हा कृपा करून आधी तालुका विचारा. आमचं कुरिअर अजून बीडला आहे.